मदत हवी आहे: आयसोलेशनमधल्या मुलांसाठी खेळ सुचवा
मी बालरोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. सलाईन लावण्याआधी बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावायची आणि बिनसुईची सिरिंज मुलाच्याच हातात द्यायची, की निम्मं रडणं तिथेच थांबतं. न्यूमोनियातून सावरणाऱ्यांना साबणाचे फुगे फुंकायला देते. फुप्फुसांचा व्यायाम आपोआप होतो. (हीच मुलं 'दीर्घ श्वास घे' म्हटलं की तोंड फिरवतात!)

अडचण आयसोलेशनमधल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची आहे. कापडी खेळणी नीट निर्जंतुक होत नाहीत, म्हणून तिथे बाद. एका हाताला सलाईन, पलंगावरून उतरायचं नाही. एका हाताने खेळता येईल, धुऊन-पुसून पुन्हा वापरता येईल असं काय देता? मोबाईल सोडून सांगा, तो आई-बाबा देतातच. आणि हो, बारीक तुकडे नकोत, सरळ तोंडात जातात.