रोजच्या जगण्यातील आज्ञापालन: आपले अनुभव लिहावेत

आजच्या उपासनेत बायबलमधील मत्तय ५:२३-२४ हा शास्त्रभाग वाचला गेला आणि अकरा वर्षांपूर्वीचा एक रविवार डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशीही हीच वचने वाचली गेली होती, दानार्पणाची थैली माझ्या ओळीपर्यंत आली होती आणि पाकीट माझ्या हातात होते. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझे चार वर्षे बोलणे नव्हते, आणि चूक त्याचीच आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मात्र चूक कोणाची, हे त्या वचनात विचारलेलेच नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, एवढे आठवले तरी अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करण्यास जायचे आहे. मी पाकीट खिशात ठेवले आणि बाहेर जिन्यावर जाऊन फोन लावला. तो भावजयीने उचलला, आणि तिने “दादा?” असे म्हणताच मला पुढे बोलता येईना.

आज्ञापालन म्हटले की आपल्याला देवाच्या आज्ञेवरून मुलाचे अर्पण करण्यास मोरिया डोंगराकडे निघालेला अब्राहाम आठवतो. आपल्या साध्या दिवसांत ते कोठे करावे लागले, ते कृपया लिहावे.

प्रतिसाद १
मी हिशेबनीस आहे. वर्षअखेरीस एका बिलावर मागची तारीख घालण्यास मला सांगण्यात आले. पेन कागदावर टेकले होते, शाईचा ठिपकाही उमटला होता, आणि तेथेच माझा हात थांबला. “हे मला करता येणार नाही,” एवढेच मी म्हणालो. ते काम दुसऱ्याकडून करून घेतले गेले, माझी पगारवाढ थांबली, आणि ती कसर पुढे कधीही भरून निघाली नाही. साक्ष देताना आपण बहुधा शेवट गोड झालेले प्रसंगच सांगतो, म्हणून हा प्रसंग मुद्दाम लिहिला आहे.

प्रतिसाद २
भाऊ, मनापासून आभार. माझ्या पतीची नोकरी अशाच कारणाने गेली, आणि मंडळीत (चर्चमध्ये) त्याविषयी बोलण्यास आम्ही कित्येक महिने कचरत होतो.

प्रतिसाद ३
इब्री भाषेतील, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेतील, ‘शमा’ या शब्दात ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ आहेत. आपणही “मूल ऐकत नाही” असे म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी बोलत नसतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना दारावर थाप पडली आणि मी तिला “आई घरी नाही, असे सांग” म्हणाले. ती दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवून मागे वळली आणि म्हणाली, “पण तू आहेस ना?” मग दार मीच उघडले. त्या दिवशी कोणी कोणाचे ऐकले, हा विचार अजूनही मनात येतो.

प्रतिसाद ४
एक प्रश्न आहे. आमच्या मंडळीच्या एका पुढाऱ्यांनी, त्यांच्या निर्णयाला विरोध करणे म्हणजे देवाची आज्ञा मोडणे होय, असे मला सांगितले होते. त्या ओझ्याखाली मी दोन वर्षे काढली. हे खरोखर तसेच आहे का?

प्रतिसाद ५
ताई, हे ओझे देवाने आपल्यावर ठेवलेले नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे येशूचा शिष्य पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेपुढेच म्हणाले (प्रे. कृत्ये ५:२९). बिरुया येथील लोक तर प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्रात दररोज पडताळून पाहत होते, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केलेली आहे.

प्रतिसाद ६
सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. रात्री अडीच वाजता तिसरी हाक आली की माझ्या मनात आधी “मी उठणार नाही” हेच येते, आणि मग मी उठते. कूस बदलून देताना त्या माझे मनगट घट्ट धरतात आणि काही वेळ सोडत नाहीत. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील, आधी नाही म्हणून नंतर मळ्यात गेलेल्या मुलाचा मला फार आधार वाटतो, कारण प्रभूने त्याच्या पहिल्या उत्तरावरून त्याला जोखले नाही. हाक आली आहे, उरलेले नंतर लिहीन.

धागाकर्ता
समेट झाला का, असे दोघांनी विचारले आहे. वाटणी अजून झालेली नाही. मात्र दर रविवारी उपासनेनंतर भावाचा फोन येतो. आज मी जिन्यावर असतानाच तो आला, आणि आईच्या नव्या चष्म्याविषयी आम्ही बराच वेळ बोललो.