प्रवासात फोनची बॅटरी दुपारीच संपते, काय करावं?

पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन दहा दिवसांच्या प्रवासाला निघायचंय. रेल्वे, एक विमानाचा टप्पा आणि तीन दिवस डोंगरात, तिथे विजेचा भरवसा नाही. मागच्या खेपेला सकाळी शंभर टक्के भरलेला फोन दुपारी तीनला बंद पडला. तिकिटं त्यातच, मुक्कामाचा पत्ता त्यातच, आणि स्टेशनवर बाबांची नि माझी चुकामूक झालेली. पाऊण तास मी फलाटांवर धावत होते. ती वेळ पुन्हा यायला नको. घरी हाच फोन रात्रीपर्यंत टिकतो. गाडीत तर मी तो वापरलाही नाही, बॅगेतच होता. मग असं का? फोन तीन वर्षांचा आहे, बॅटरी ५००० एमएएच. पॉवरबँक किती क्षमतेची घ्यावी?

प्रतिसाद १
बॅगेत होता, तिथेच बॅटरी गेली. धावत्या गाडीत फोन एक टॉवर सोडून दुसरा धरत राहतो. सिग्नल क्षीण झाला की टॉवरपर्यंत पोचायला तो जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो, आणि नेटवर्क पार गेलं की पुन्हा पुन्हा शोधत बसतो. स्क्रीन बंद असली तरी हे चालूच. घरी सिग्नल चांगला असतो म्हणून तिथे हे जाणवत नाही.

तेव्हा नेटवर्क नसलेल्या लांब पट्ट्यात सरळ एअरप्लेन मोड लावा. मोठं स्टेशन आलं की पाच मिनिटांसाठी तो बंद करा, अडकलेले मेसेज येतात. नकाशे घरीच वायफायवर उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो, त्यामुळे बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडमध्येही तुम्ही कुठे आहात ते नकाशावर दिसतं. दोन सिम असतील तर नको असलेलं बंद ठेवा. ५जी धड मिळत नसेल तिथे ४जीवर या.

धागाकर्ती
हे माहीतच नव्हतं! पण एअरप्लेन मोडमध्ये बाबांना माझा फोन लागणार नाही, त्याचीच धास्ती वाटते.

प्रतिसाद १
बाबा शेजारी बसलेले असतील तेवढाच वेळ लावा. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी नेटवर्क सुरू. आणि त्यांच्या खिशात कागदावर तुमचा नंबर, मुक्कामाचा पत्ता आणि तिकिटाचा क्रमांक लिहून द्या. दोघांचेही फोन बंद पडले तरी कागद चालतो.

प्रतिसाद २
पॉवरबँकबद्दल. तिच्यावरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. केबलमधून वीज ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्त दाबाने बाहेर येते, शिवाय काही उष्णतेत जाते. हाती साधारण ६,०००-६,५०० धरा, म्हणजे तुमचा फोन एकदा भरून थोडी उरेल. रोज रात्री प्लग मिळाला असता तर हीच पुरे म्हटलं असतं. डोंगरातल्या तीन दिवसांसाठी आणि दोन फोनसाठी मात्र २०,००० ची घ्या, वजन जवळपास दुप्पट झालं तरी.

विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत (हे साठवलेल्या ऊर्जेचं माप) वेगळी परवानगी लागत नाही, २०,००० ची साधारण ७४ भरते. हा आकडा पॉवरबँकवर छापलेला आहे ना ते बघूनच घ्या. उड्डाणात ती वापरायला मनाई असू शकते, तेवढं आधी विचारून ठेवा.

प्रतिसाद ३
सगळी अॅप्स रिसेंटमधून, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या अॅप्सच्या यादीतून, पुसत राहा आणि डार्क मोड लावा. मी तेच करतो.

प्रतिसाद ४
अॅप्स पुसण्याने उलट तोटा होतो. तेच अॅप पुन्हा शून्यातून उघडायला जास्त ऊर्जा लागते. सेटिंगमध्ये बॅटरी कोण खातंय ते बघा आणि तेवढ्याच अॅपचं बॅकग्राउंडमध्ये चालणं थांबवा. डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनवर होतो, कारण तिथे काळा बिंदू म्हणजे बंद बिंदू. एलसीडीला मागचा दिवा जळतच असतो. ब्राइटनेस कमी केलात तर दोन्हीकडे फायदा.

डोंगरात थंडी असेल तर फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. गारठ्यात बॅटरी लवकर संपल्यासारखी दाखवते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. गोठणबिंदूखाली चार्जिंग मात्र करू नका, त्याने कायमची इजा होते. थोड्या वेळासाठी प्लग मिळाला तर २० टक्क्यांपासून ७० पर्यंतची वाट लवकर सरते. शेवटचे वीस टक्के फार रेंगाळतात, त्यांच्यासाठी थांबू नका.

आणि तीन वर्षं म्हणताय, तर बॅटरी हेल्थ, म्हणजे मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरलीय, ते आधी बघा.

धागाकर्ती
बघितलं. ७९ टक्के!

प्रतिसाद २
म्हणजे ५००० ची आता जेमतेम ३९५० राहिलीय. मग बाकी उपायांआधी बॅटरीच बदलून घ्या, अधिकृत सेवा केंद्रातून. निघायच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी, म्हणजे काही बिघडलं तर परत जाता येईल.

धागाकर्ती
सोमवारी जाते. पॉवरबँक २०,००० ची ठरली. बाबांची चिठ्ठी आत्ताच लिहिली, मोठ्या अक्षरात दोन प्रती. एक त्यांच्या खिशात, एक बॅगेत.