लाभांश आणि व्याजातली सूट या दोन वेगळ्या गोष्टी

'क्रेडिट सोसायटीत (पतसंस्थेत) वीस वर्षे ठेव आहे, तरी लाभांश का नाही?' असा एक प्रश्न आहे. लाभांश म्हणजे नफ्यातला वाटा; तो ठेवीवर मिळत नाही, शेअर्सवर मिळतो. त्यातही नाममात्र सभासदाला नाही. बेळगाव, निपाणी भागात कर्ज किंवा ठेवीपुरते नाममात्र सभासद करून घेतात, म्हणून आधी पासबुकावर सभासदत्वाचा प्रकार पाहा.

हिशोब सोपा आहे. ३१ मार्चला वर्ष संपते. निव्वळ नफ्यातून किमान २५ टक्के राखीव निधीला जातात, मग उरलेल्यातून वार्षिक सभा दर मंजूर करते. शेअर्स ५,००० रुपयांचे आणि दर १० टक्के असेल तर ५०० रुपये. १ ऑक्टोबरला घेतले असतील तर साधारण निम्मे. महाराष्ट्रातही सभासद असलेल्या बहुराज्य संस्थांना लाभांशाच्या दरावर २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सूट मिळते ती निराळी योजना. एक हप्ता चुकला तरी काही ठिकाणी पूर्ण वर्षाची सूट जाते, तेव्हा पोटनियम (संस्थेची स्वतःची नियमावली) मागून वाचाच.

आणि कृपा करून जास्त व्याजदर बघून बँकेतली ठेव सोसायटीत हलवू नका. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नाही.