मदत हवी आहे : कमी खर्चात घरच्या घरी सेंद्रिय भाजीपाला

नमस्कार मंडळी,
घरी सेंद्रिय भाजी लावायची फार इच्छा आहे, पण हात अगदी नवखा आणि खर्च शक्य तितका कमी ठेवायचाय. कुंड्यांऐवजी जुन्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून वापरणार आहे. पालेभाज्यांना १५ ते २० सेंमी माती पुरते, टोमॅटोला निदान ३० सेंमी हवी, इथपर्यंत कळलंय.

खरी अडचण खताची. ओला कचरा कुजवताना कार्बन-नायट्रोजनचं (सुक्या पाल्यात कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन) प्रमाण साधारण ३०:१ हवं म्हणतात, पण ते बादलीत मोजायचं कसं? ओल्याच्या दुप्पट सुका पालापाचोळा, असा ढोबळ हिशोब चालेल का? अर्धवट कुजलेलं खत मातीतला नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात; मग खत पूर्ण तयार झालं हे तुम्ही कशावरून ओळखता?

ऊन जेमतेम ४ तास येतं. टोमॅटोला ६ तास तरी लागतं, म्हणून पालकापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. बरोबर आहे ना?

आणि हो, माव्यासाठी (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) कडुनिंबाचं तेल किती पाण्यात घालता? तयार किट नकोत, कृपया स्वतः करून पाहिलेलंच सांगा.