कानबाईच्या रोटांवरून वंशावळ लिहायची आहे

शिरपूरची लेक:
आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचे, रोट (नैवेद्य) असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं आजी सव्वा मूठ गहू काढते, एकेक नाव घेत. सुरतेला स्थायिक झालेले चुलतेसुद्धा त्यात येतात. ती नावं मी लिहून घेतली, पण पणजोबांच्या मागं काही सापडत नाही. आणि बायकांच्या नावाची मूठच नसते! मला तीच नावं जास्त हवी आहेत. कुठं शोधू?

तापीकाठ:
ताई, तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागा. गावचे जन्म-मृत्यू त्यात असतात. जुनी पानं मोडीत असतील, वाचणारा माणूस आधी गाठा. खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला, म्हणून त्याआधीच्या कागदांवर नुसतं ‘खानदेश’ दिसेल.

बोदवडची काकू:
त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगा, पूर्वज तिथं जाऊन आले असतील तर नोंद निघते. पण बायकांसाठी आजीलाच विचार गं बाई! पुरण वाटताना तिच्याजवळ बस, कोण कुठल्या गावची लेक ते विचार, फोनवर आवाज भरून घे. हे आधी कर, कचेरी कुठं पळत नाही.

शिरपूरची लेक:
काकू, आजच बसते. आमचा मोती चुलीपासून हलत नाही, रेकॉर्डिंगमध्ये तोही भुंकणार!

बोदवडची काकू:
भुंकू दे. त्याला कोरडी पोळी टाक. कांदा-लसणाची आमटी मात्र नको, कुत्र्यांना ती बाधते.