अनंताची पानं पिवळी, कळ्या उमलण्याआधीच गळतात

प्रश्न : १२ इंची कुंडी, पाणी बोअरवेलचं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्याच. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की गळतात. काय करावं?

उत्तर : शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. माती लोह असूनही देत नाही, कारण बोअरच्या जड पाण्याने ती अल्कधर्मी होते. अनंताला आम्लधर्मी माती हवी, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ५ ते ६. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. १५ दिवसांनी पुन्हा. आधीच पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवी फूट बघा. चुना, राख, अंड्याची टरफलं अजिबात घालू नका. शक्य तेव्हा पावसाचं पाणी द्या.

उत्तर : कळ्या गळतात त्या बहुतेक पाण्याच्या धरसोडीने. बोटाचं पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. कळ्या आल्यावर कुंडी हलवू नका. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण : लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण.

उत्तर : आणि छाटणी बहर संपल्या संपल्या. उशिरा कापाल तर पुढच्या कळ्याच जातील.