सरपंचांनी राजीनामा दिला; तक्रारदार महिलेसाठी मार्गदर्शन हवे आहे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या लहानशा गावात ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या एका महिलेने सरपंचांवर लैंगिक छळाचा आरोप केला आणि मागील आठवड्यात त्यांनी पंचायत समितीच्या सभापतींकडे राजीनामा दिला. त्या संध्याकाळी चावडीसमोर फटाके फुटले. ते फोडणारे तिच्या बाजूचे नव्हते, तर विरोधी गटाचे होते, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. उरलेले गाव ‘एवढ्या भल्या माणसाला बदनाम केले’ म्हणत तिलाच दोष देत आहे. ती चक्कीवर दळण घेऊन आली की बायका बोलणे थांबवतात.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, आणि त्यांपैकी दोन महिने संपले आहेत. आता ‘राजीनामा झाला, विषय संपला’ असे सांगून तिला लेखी तक्रारीपासून परावृत्त केले जात आहे.

राजीनाम्यानंतरही समितीची चौकशी चालल्याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे काय? तालुक्यातील नोडल अधिकाऱ्याकडे (जो अशा तक्रारी स्वीकारून समितीकडे पाठवतो) अर्ज दिल्यावर पोच कशी घ्यावी, आणि तिचे नाव गावभर होणार नाही यासाठी कोणती काळजी घ्यावी, हे कृपया कळवावे.